एका दिव्याला रुंदी नसते

रात्री समोरून येणारी मोटार आणि समोरून येणारी मोटरसायकल यांत फरक केवळ आकाराचा नसतो. मोटारीला दोन दिवे असतात आणि त्यांच्यामध्ये सव्वा-दीड मीटरचे अंतर असते. मोटार जवळ येऊ लागली की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हे अंतर रुंदावत जाते, आणि ते ज्या गतीने रुंदावते त्यावरून गाडी किती लांब आहे व किती वेगाने येत आहे याचा अंदाज माणूस कोणतेही गणित न मांडता बांधतो. मोटरसायकलला पुढे एकच दिवा. तो जवळ आला तरी बराच वेळ ठिपकाच राहतो, फक्त थोडा अधिक उजळ होतो. आणि उजळपणावरून अंतर ठरवायला जावे, तर जवळची मंद दिव्याची गाडी आणि लांबची प्रखर दिव्याची गाडी डोळ्यांना सारखीच भासते. दोन गाड्या ताशी ६० किलोमीटर वेगाने एकमेकींकडे येत असतील, तर त्यांच्यातले १०० मीटरचे अंतर अवघ्या तीन सेकंदांत संपते. त्या तीन सेकंदांत समोरच्याला अंदाज बांधायचा असतो, आणि आपली लहान मोटरसायकल त्याला अंदाजासाठी फारच थोडे साहित्य देते.

लहान गाडीवर जादा दिवे बसवण्याचा विषय निघाला की बहुतेक चर्चा ‘रस्ता किती लख्ख दिसेल’ या प्रश्नाभोवती फिरते. खड्डे, गतिरोधक, रस्त्यावर बसलेली जनावरे पाहता ती चिंता रास्तच आहे. परंतु माझे मत असे बनत गेले आहे, की १०० सीसीच्या गाडीवर खर्च करायचे जे थोडे पैसे आपल्याकडे असतात, त्यांतला पहिला रुपया आपण इतरांना दिसावे आणि दिसल्यावर आपले अंतर त्यांना नीट कळावे यासाठी जायला हवा. ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या सावध माणसाला, काच स्वच्छ असलेला आणि नीट लावलेला मूळ हेडलाइट बहुतांशी पुरतो. शेताच्या वाटेवरून अचानक डांबरीवर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला मात्र तोच दिवा पुरत नाही.

हा ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांसमोर उगाच येत नाही. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या रस्त्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गळीत हंगामाची वाहतूक रात्रंदिवस चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला ऊस, मध्येच बैलगाड्यांची रांग, आणि या सगळ्यांमधून इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांच्या लहान मोटरसायकली. ट्रॉल्यांना मागे दिवा नसणे हा आमच्याकडचा जुना आणि गंभीर प्रश्न आहे. कारखाने व परिवहन कार्यालये दर हंगामात रेडियम लावण्याच्या मोहिमा घेतात, ते योग्यच आहे. पण भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्ता ओलांडायला बराच वेळ घेतो, आणि तो निघण्यापूर्वी चालकाने डावी-उजवीकडे पाहिलेले असते. त्याला एक दिवा दिसतो. तो सायकलीवरच्या विजेरीचा, की फर्लांगभर लांबच्या गाडीचा, की भरधाव येणाऱ्या जवळच्या गाडीचा, हे त्या एका ठिपक्यातून त्याने कसे ओळखावे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत दुचाकीवरच्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. यांतले किती मृत्यू ‘न दिसण्या’मुळे झाले हे या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. तरीही अपघातानंतर मोटारचालक जे वाक्य हमखास बोलतो, “गाडी दिसलीच नाही हो,” ते दर वेळी खोटे नसते, याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असे आढळले, की दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत मोटरसायकलचा जाण्याचा हक्क दुसऱ्या वाहनाने डावलला होता, आणि त्यामागचे मोठे कारण म्हणजे त्या चालकाच्या ध्यानात मोटरसायकल वेळेवर आलेलीच नव्हती. पुढे २०१२ साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी यातली दुसरी बाजू तपासली. अंधार वाढत जातो तसा एकाच दिव्याच्या मोटरसायकलच्या वेगाचा अंदाज मोटारीच्या तुलनेत फारच चुकू लागतो, आणि त्याच मोटरसायकलवर तीन दिवे त्रिकोणात मांडले की तो लक्षणीयरीत्या सुधारतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वस्त दिव्यांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. त्रिकोणाला रुंदी असते, उंची असते, आणि जवळ येताना तो वाढताना दिसतो. त्यासाठी दिवे प्रखर असण्याची गरज नाही. ते एकमेकांपासून दूर असण्याची गरज आहे.

दिवसाची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो, आणि सुरुवातीला भर उन्हात “दिवा चालू आहे” अशी खूण करून सांगणाऱ्यांची दमछाक झाली होती. या नियमामागे इतर देशांचा अनुभव होता. मलेशियात आपल्यासारख्याच लहान इंजिनांच्या दुचाकी मोठ्या संख्येने धावतात; तिथे १९९२ पासून दिवसा दिवा लावणे बंधनकारक झाले, आणि त्यानंतरच्या अभ्यासात, मोटरसायकल न दिसल्याने होऊ शकणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातला, २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर कपड्यांपर्यंत गेला: परावर्तक किंवा झगझगीत रंगाचे कपडे घालणाऱ्यांना इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्क्यांनी कमी, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी आढळला. पांढऱ्या हेल्मेटला वायरिंग लागत नाही आणि त्याची किंमत काळ्याइतकीच असते. तरीही आमच्याकडच्या दुकानांत दर्शनी ओळीत काळी हेल्मेटेच मांडलेली असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवसाच्या दिव्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवर दिवे बसवून प्रयोग केले, ते विमान दिसावे म्हणून नव्हे, तर दिसू नये म्हणून. मागच्या आकाशाइतकाच प्रकाश दिव्यांनी दिला की विमानाची काळी आकृती आकाशात मिसळून जाई आणि पाणबुडीवरच्या पहारेकऱ्याला ते फार उशिरा दिसे. डोळा दिव्याला हेरतो तो भोवतालाशी असलेल्या विरोधामुळे. म्हणून सूर्य मावळतीला असताना, त्याच दिशेकडून येणाऱ्या गाडीवर एखादी मिणमिणती पांढरी एलईडी पट्टी लावून फारसे साधत नाही. त्या वेळी मूळ हेडलाइट आणि अंगावरचे गडद केशरी किंवा पोपटी जाकीट यांचाच आधार जास्त.

माझ्या गाडीवर मी पुढे दोन लहान एलईडी दिवे लेग गार्डच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना बसवले आहेत. प्रत्येकी तीन वॅटचे, पांढऱ्या प्रकाशाचे, पुढची काच दुधी असल्यामुळे प्रकाश पसरवणारे. दोहोंमध्ये साधारण ६० सेंटिमीटरचे अंतर आहे आणि हेडलाइट त्यांच्या बराच वर, मध्यावर येतो. त्यामुळे समोरून पाहिले की टोक वर असलेला त्रिकोण दिसतो. बाजारात याच जागी बसवण्यासाठी प्रोजेक्टर लेन्सचे मोठे फॉग लाइट मिळतात आणि तरुण मुलांना तेच आवडतात. ते मी मुद्दाम टाळले. अरुंद झोत फेकणारा दिवा जरा वर तोंड करून बसला, की समोरच्याच्या डोळ्यांत सरळ जातो. आणि दिपून गेलेला चालक आपल्याला पाहू शकत नाही, हे आपल्याच जिवावर येते. शिवाय बॅटरीचा हिशेब आहेच.

तो हिशेब समजून घेतल्याशिवाय लहान गाडीच्या वायरिंगला हात लावू नये. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, टेललाइट पाच वॅटचा, ब्रेक दाबला की २१ वॅट, आणि एका बाजूचे दोन इंडिकेटर दहा-दहा वॅटचे. बॅटरी १२ व्होल्टची आणि क्षमतेने जेमतेम तीन-चार अँपिअर-तास. इतक्याशा बॅटरीवर २०-२० वॅटची जोडी लादली, की गावातल्या संथ वेगात, जिथे इंजिनाचे फेरे कमी असतात, तिथे बॅटरी भरण्यापेक्षा रिकामी अधिक होते आणि एके सकाळी सेल्फ लागत नाही. तीन-तीन वॅटच्या जोडीला मात्र अर्धा अँपिअर पुरतो. एवढा भार जुनी गाडीसुद्धा सहज पेलते आणि त्याला रिलेही (मोठा प्रवाह हाताळणारा स्विच) लागत नाही; इग्निशनची चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी वायर आणि तिच्यावर दोन अँपिअरचा फ्यूज इतके पुरेसे होते.

वायर कोणती निवडावी याला फार महत्त्व आहे, आणि घाईत काम करणाऱ्या गॅरेजमध्ये नेमके तिथेच दुर्लक्ष होते. अनेक जुन्या लहान गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या एसी प्रवाहावर थेट चालतो. म्हणूनच गाडी चौकात थांबली की तो मंदावतो आणि रेस केली की उजळतो. अडचण अशी, की उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर थांबलेल्या गाडीला दिसण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या त्याच क्षणी तिचा दिवा सर्वांत अशक्त असतो. जादा दिवे बॅटरीच्या डीसी प्रवाहावर जोडले, तर ते इंजिनाच्या फेऱ्यांशी निगडित न राहता एकसारखे जळतात आणि ही उणीव भरून निघते. तेच दिवे हेडलाइटच्या एसी वायरीला जोडले तर लुकलुकतात आणि लवकरच जळून जातात. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. बॅटरी १२ व्होल्टची म्हटली तरी गाडी चालू असताना विजेचा दाब १४ व्होल्टच्या पुढे जातो; केवळ १२ व्होल्ट धरून बनवलेल्या स्वस्त पट्ट्या म्हणूनच तापतात, आणि मग त्यांतले एलईडीचे तीन-तीन दाणे एकेका गटाने विझत जातात. ज्या दिव्यावर ‘९ ते ३० व्होल्ट’ असे छापलेले असते तो थोडा महाग पडतो, पण आत प्रवाह आवरणारे सर्किट असल्यामुळे टिकतो.

जोडकामाबद्दल आमच्या गावचे ऑटो इलेक्ट्रिकवाले मिस्त्री फार आग्रही आहेत, आणि त्यांच्याकडे बसून मी जे पाहिले त्यावरून त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. ते मूळ वायरिंग सोलत नाहीत. कनेक्टरपाशी जोड घेतात. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणे त्यांना मंजूर नाही, कारण उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात पाणी आत शिरते. जोड सोल्डरचा डाग देऊन पक्का करायचा आणि वर आकसणारी नळी चढवायची. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय वायर बांधायची नाही, नाहीतर मानेपाशी ती रोज ताणली जाऊन आतून तुटते. अर्थिंगची वायर रंगवलेल्या किंवा गंजलेल्या बोल्टला न देता थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे न्यायची. बंद पडलेले निम्मे दिवे अर्थ सुटल्यामुळे बंद पडतात, असे ते म्हणतात.

मागच्या बाजूला जादा दिव्याआधी मूळ दिव्याकडेच पाहावे. तारेचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन ०.२ सेकंदात तीन मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे ब्रेकचा बल्ब बदलण्याने मागच्या माणसाला जवळपास दीड मोटरसायकलच्या लांबीइतकी जागा जास्त मिळते. मात्र बल्ब निवडताना तो लाल एलईडीचा घ्यावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल छटेचा अंश थोडा असतो, त्यामुळे लाल काचेतून तो गुलाबी आणि फिका दिसतो. लाल बल्ब लावला की दुसरी अडचण येते: टेललाइटच्या खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर पडणारा प्रकाशही लाल होतो. त्यासाठी खालच्या अंगाला दोन-चार पांढरे दाणे असलेला बल्ब मिळतो, तो दुकानदाराला शोधायला लावावा.

इंडिकेटरचे बल्ब बदलायचे असतील तर फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलावा लागतो; जुन्या फ्लॅशरला दहा वॅटच्या बल्बांचा भार अपेक्षित असतो, तो न मिळाल्यास इंडिकेटर एकतर भराभर लुकलुकतो किंवा लागतच नाही. पण खरे सांगायचे तर मूळ इंडिकेटर बरे चालत असतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही. त्यांच्या पिवळसर काचा धुतल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

एक बदल मात्र करू नये असे मी आग्रहाने सांगेन. मूळ हॅलोजन हेडलाइटमध्ये स्वस्त एलईडी बल्ब बसवू नये. हेडलाइटचा आरसा बल्बमधली तार ज्या ठिकाणी असते त्या ठिकाणासाठी घडवलेला असतो; एलईडीचे दाणे त्या जागी बसत नाहीत, झोत विस्कटतो, डिपर लावूनही प्रकाश वर उसळतो आणि स्वतःसमोरचा रस्ता मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसतो. रंगांच्या बाबतीत तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ स्पष्ट आहेत: ठरावीक अपवाद वगळता पुढे लाल प्रकाश दाखवायचा नाही आणि मागे लालखेरीज दुसरा प्रकाश दाखवायचा नाही. निळे-जांभळे दिवे आणि सतत लुकलुकणाऱ्या पट्ट्या केवळ बेकायदा ठरू शकतात म्हणून वाईट आहेत असे नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण तो किती लांब आहे हे ठरवणे आणखी कठीण करून ठेवतो, आणि इंडिकेटर लागला आहे की नाही हे त्याच्या शेजारी कळेनासे होते.

वीज न लागणारे साधन म्हणजे रेडियमची पट्टी. दिवा बिघडला, फ्यूज उडाला, गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली, तरी ती काम करते. जड वाहनांना नियमाने पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल पट्टी लावतात. तीच रंगसंगती मोटरसायकलवर ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्याला गाडी कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळते. लहान गाडीला बाजूने एकही दिवा नसतो, म्हणून पुढच्या शॉकअपच्या नळीवर आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवर पिवळी पट्टी फार उपयोगी पडते. फक्त पट्टी अस्सल आहे का ते पाहून घ्यावे, कारण नंबर प्लेट रंगवणाऱ्या दुकानांत साध्या चकचकीत स्टिकरलाही रेडियमच म्हणतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: अंधारात पट्टीपासून दहा-पंधरा पावले मागे जावे, मोबाइलची विजेरी डोळ्याच्या अगदी शेजारी धरावी आणि पाहावे. अस्सल पट्टी दिव्यासारखी उजळून उठते. नुसती चकचकीत पट्टी अंधारातच राहते. विजेरी डोळ्यापासून लांब धरली तर दोन्ही सारख्याच निस्तेज दिसतात, कारण परावर्तक प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो.

राहता राहिला ओझ्याचा प्रश्न, आणि गावाकडे तो सगळ्यात मोठा आहे. डबलसीट बसल्यावर गाडी मागे दबते आणि हेडलाइट वर उचलला जातो. तो नेहमीच्या वजनानिशी, सपाट जागी, भिंतीवर झोत पाडून खाली लावून घ्यावा, इतके पुष्कळांना ठाऊक असते. पण कॅरिअरवर वैरणीचा भारा आडवा बांधला की मागचा दिवा, परावर्तक आणि दोन्ही इंडिकेटर पूर्ण झाकले जातात आणि हजार रुपये घालून बसवलेले सगळे निरुपयोगी ठरते. डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या गाड्यांना दोन्ही अंगांना कॅन लटकलेले असतात; त्यांची रुंदी हँडलपेक्षा जास्त भरते आणि पहाटे अंधारात मागून येणाऱ्याला त्या रुंदीची काहीच कल्पना नसते. भाऱ्यासाठी मी जाड कापडाच्या एका पट्ट्यावर लाल रेडियम शिवून घेतले आहे; दोरीच्या शेवटच्या वेढ्याबरोबर ते मागच्या बाजूला बांधता येते. दुधाच्या कॅनवर पट्टी चिकटवताना ती मानेखाली, मागच्या अंगाला आडवी लावावी. बुडाशी लावली तर चिखलाने झाकते, आणि तोंडाशी लावली तर रोजच्या गरम पाण्याच्या धुण्याने कडा सुटतात. चिकटवण्यापूर्वी कॅनचा तुपकटपणा सोड्याने घासून काढावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा, नाहीतर आठवड्याच्या आत ती हातात येते.